पाचवा उमेदवार

१

खडकावर आडवा पडलेला माणूस झोपलेला नाही, हे संघर्षला कळायला एक लाट यावी लागली. ती खालच्या कपारीत फुटली, तिचे तुषार वरपर्यंत उडाले आणि त्या माणसाच्या उघड्या तोंडावर पडले. तरी त्याची पापणी हलली नाही.

हरिहरेश्वरच्या टेकडीला समुद्राच्या अंगाने वळसा घालणारी ती वाट प्रदक्षिणेची. देवदर्शन झालेले लोक देवळामागच्या अरुंद पायऱ्या उतरतात, खडकांवरून पुढे जातात आणि शेवटी वाळूच्या पुळणीवर येतात. संघर्ष मात्र पुळणीकडून निघाला होता. त्याच्या घरात देव्हारा नव्हता, या वाटेलाही एक दिशा असते हे त्याला कुणी सांगितले नव्हते. देवळात न जाता नुसता समुद्र पाहावा, मनातली धडधड थोडी निवू द्यावी, एवढ्याचसाठी तो एकटा बाहेर पडला होता.

तो माणूस कमलेश होता. सकाळी दोघांनी एकाच बाकावर बसून पोहे खाल्ले होते, आणि तिथेच त्यांचे भांडणही झाले होते.

संघर्षने गुडघे टेकले. कमलेशच्या कानामागे केस रक्ताने चिकटले होते. शर्ट, पँट, सारे अंगाला लपेटून बसले होते आणि निथळत होते. पण अंगाखालची ओल सोडली तर ज्या दगडावर तो पडला होता तो दगड कोरडा होता, उन्हाने कोमट झालेला. या गोष्टीचे नवल करण्याइतकेही भान संघर्षला राहिले नाही. त्याने कमलेशचे डोके मांडीवर घेतले. श्वास होता, अगदी बारीक, दाराच्या फटीतून यावा तसा.

"कुणी आहे का? अहो, कुणी आहे का?"

भरती चढू लागली होती. खडकांना चिकटलेली कालवे, म्हणजे शिंपले, फोडायला गेलेली एक बाई टोपली डोक्यावर घेऊन परत निघाली होती, ती खडकाआडून पुढे आली. पुढे तिचे नाव सगुणा असल्याचे कळले. तिने कमलेशकडे पाहिले, मग संघर्षच्या लाल झालेल्या शर्टाकडे, मग त्याच्या हातांकडे.

"अरं पोरा," ती दोन पावले मागे सरत म्हणाली, "काय केलंस रं ह्याला?"

२

सगुणेच्या हाकेने आणखी माणसे आली. कमलेशला त्यांच्या हवाली करून संघर्ष गाडीसाठी धावत सुटला. ते सारे जिथे उतरले होते त्या काशीताईंच्या घरगुती निवासाचे फाटक त्याने ढकलले तेव्हा त्याला धाप लागली होती.

तरंगिणी जलवाहतूक नावाची नवी कंपनी मांडव्याच्या धक्क्यावरून आपल्या बोटी सुरू करणार होती, आणि तिला धक्क्यावर एक व्यवस्थापक हवा होता. जागा एकच. ढीगभर अर्जांतून पाच जण उरले होते आणि शेवटच्या निवडीसाठी त्यांना दोन दिवस इथे मुक्कामाला बोलावले होते. निवड करणाऱ्या सुचिता मॅडमचे मत असे की, माणूस जेवताना, फिरताना, हरताना कसा असतो हे पाहिल्यावाचून त्याच्या हाती गर्दी सोपवू नये. काल त्यांनी पाचांना समोरासमोर बसवून एक प्रसंग दिला होता: वादळाचा इशारा आला आहे, शेवटची बोट रद्द झाली आहे, धक्क्यावर माणसे खवळली आहेत, बोला. सगळ्यांत सुरेख बोलला होता कमलेश. त्याचे बोलणे संपल्यावर बाकीच्या चौघांच्या चेहऱ्यांवर एकाच वेळी संध्याकाळ झाली होती.

आता अंगणात, फणसाच्या सावलीत, सुचिता मॅडमच्या वेताच्या खुर्चीसमोर चार लाल खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या होत्या. एका खुर्चीत प्रांजली बसली होती. महाडची, वाशीच्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घेणारी. दुसरीत उरणचा कुलदीप, बंदराच्या वाहतुकीतला, सदा मोबाईलमध्ये मान घातलेला. तिसरीत गणराज. तो माणगावच्या आतल्या बाजूचा, शेतकरी घरातला; चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, पाचांत सर्वांत मोठा. ज्या बोटदुरुस्तीच्या यार्डात त्याने उमेदीची वर्षे घालवली ते बंद पडले होते.

"ये रे, ये," गणराज मायेने म्हणाला. "बस. तुझी खुर्ची ठेवलीय बघ." मग त्याची नजर शर्टावर गेली आणि तो ताडकन उठला. "अरे, हे काय?"

"कमलेश... खाली... खडकावर..." संघर्ष त्या रिकाम्या खुर्चीत कोसळला.

काशीताईंनी शेजारची गाडी पाठवली. कुणी रडले, कुणी फोन लावले. संघर्षला मान वर करता येईना. त्याला दिसत होते ते फक्त जमिनीवरचे पाय. सारवलेल्या अंगणात पादत्राणे घालून यायचे नाही हा काशीताईंचा दंडक होता, म्हणून सारे अनवाणी होते. प्रांजलीच्या पायांत बारीक पैंजण. कुलदीपचा अंगठा सारखा जमिनीवर आपटत होता. गणराजच्या पायांत करडे मोजे. त्या पायांपैकी एखादा जोड मघाशी त्या खडकांवर होता की काय, असा विचार त्याच्या मनात आला.

गणराजने आपला पंचा आणून त्याच्या खांद्यांभोवती गुंडाळला. "घाबरू नकोस," तो पुटपुटला. "मी आहे."

फाटकाशी पोलिसांची जीप थांबली. श्रीवर्धनहून आलेल्या फौजदार मोकल यांनी अंगणावर एक नजर फिरवली, आणि कुणी काही सांगण्याआधीच कुलदीपने बोट उचलले.

"साहेब, ह्याने नाश्त्याला त्याला धमकी दिली होती. सगळ्यांसमोर. 'परत बोललास तर बघ.' वर्ड टू वर्ड."

३

ते खरे होते.

पोहे खाताना कमलेशने विचारले होते, "काय भावा, देवळात येणार नाहीस म्हणे? मग नारळी पौर्णिमेला धक्क्यावर नारळ कोण फोडणार? आम्ही बोलवू का कुणाला भाड्याने?" सगळे हसले होते. लहानपणापासून असे हसणे संघर्षच्या ओळखीचे होते. वाड्यातून, शाळेतून, पहिल्या नोकरीतून ते त्याच्यामागे चालत आले होते. एरवी तो गप्प बसला असता. पण या खेपेस आत कुठेतरी दोरी तुटली. "परत बोललास तर बघ," तो म्हणाला होता, आणि ताट तसेच ठेवून निघून गेला होता.

आता त्या चार शब्दांना पाय फुटले होते. फौजदारांनी सगुणेला बोलावून विचारले. ती म्हणाली, "ह्योच पोरगा व्हता तिथं. दुसरं कोन न्हाय दिसलं बा." त्यांनी त्याचा शर्ट काढून घेतला. पंच्याआड उघडा बसलेला संघर्ष थरथरत होता, आणि ती थरथर अपराध्याची वाटते आहे हे जाणवून अधिकच थरथरत होता.

अटकेची भीती होतीच. तिच्याही पलीकडची एक भीती होती. कुठलीही कंपनी कामावर घेण्याआधी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी करून घेते. त्याचे नाव एकदा या प्रकरणात चढले की पुढे तो सुटला काय न सुटला काय, कुठल्याही कचेरीचे दार त्याच्यासाठी उघडणार नव्हते. दोन वर्षे तो नोकरी शोधत होता. घरी आई प्रत्येक मुलाखतीच्या दिवशी त्याच्या शर्टाला स्वतः इस्त्री करायची आणि परत आल्यावर काही विचारायची नाही. आजचा शर्ट तिनेच इस्त्री केलेला होता.

"चला," फौजदार म्हणाले.

"थोडं थांबाल?" सुचिता मॅडम प्रथमच बोलल्या. पन्नाशीची, बारीक चणीची बाई. आवाज इतका हळू की ऐकण्यासाठी समोरच्याला आपोआप पुढे झुकावे लागे. "कमलेशची तब्येत कळेपर्यंत. जीप इस्पितळाकडे पाठवावी लागेल ना तुम्हाला? ती येईस्तोवर मला या चौघांशी बोलू द्या. तुमच्यासमोरच."

"मॅडम, हे आमचं काम."

"तुमचंच आहे. पण माणसाला समोर बसवून तो खरं बोलतोय की पाठ केलेलं, हे ओळखायचं कामच मी तेवीस वर्षं करतेय. तुमचं काही बिघडणार नाही."

फौजदारांनी टोपी काढली, कपाळ पुसले आणि जीप रवाना केली. संघर्षला त्यांनी आपल्याजवळ ओटीवर बसवून घेतले.

सुचिता मॅडमनी पहिले नाव घेतले. "संघर्ष. सकाळ सांगा मला. पण उलटी. इथल्या फाटकापासून मागे मागे जा."

त्याला वाटले, हा सापळा आहे. तरी तो बोलू लागला. फाटक, धाप, सगुणेचा प्रश्न, मांडीवरचे डोके, लाटेचे तुषार... मध्येच त्याला आठवले की धावताना त्याला उचकी लागली होती. मग आठवले की पुळणीवर एक कुत्रा त्याच्यामागून चालत होता आणि खडक सुरू झाल्यावर मागे फिरला. "आणि तो... कमलेश भिजलेला होता मॅडम. पण दगड कोरडा होता. हे मला आत्ता आठवलं. म्हणजे मी खोटं नाही—"

"दगड कोरडा?" मॅडम थांबल्या.

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्या संघर्षकडे पाहात नव्हत्या. उरलेल्या तिघांकडे पाहात होत्या.

"याचा अर्थ," त्या सावकाश म्हणाल्या, "तो पडला पाण्यात. आणि कुणीतरी त्याला ओढून वर ठेवलं."

४

प्रांजलीचे बोलणे गुंतवळासारखे होते. कोकमाच्या दुकानापासून ती मागे गेली; मग म्हणाली, "नाही नाही, त्याआधी परत काळभैरव. इथे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि परत काळभैरव करायचं असतं ना, म्हणून." दुसऱ्यांदा जाताना एका म्हातारीने तिच्या ओढणीला हात पुसले होते. "एवढा राग आला ना मला! पण मनात आलं, ही बाई तुमचीच असली तर? म्हणून हसले मी तिच्याकडे. काय सांगू मॅडम, दोन दिवस झाले, मी कावळ्याकडे बघूनसुद्धा हसतेय."

फौजदारांना हसू आवरले नाही. सुचिता मॅडम हसल्या नाहीत. कमलेशला प्रांजलीने देवळाच्या दाराशी शेवटचे पाहिले होते; पुढे तो कुठे वळला ते तिला ठाऊक नव्हते.

कुलदीप पाय पसरून बसला. "सिंपल आहे. दर्शन घेतलं, आलो."

"उलटं सांगा."

"आलो. त्याआधी दर्शन घेतलं."

"प्रसाद काय होता?"

"प्रसाद? तो... साखर. साखरफुटाणे."

"कुठल्या हातात घेतलात?"

कुलदीपचा अंगठा जमिनीवर आपटायचा थांबला. ओटीवरून संघर्ष त्याच्याकडे टक लावून पाहात होता. याच माणसाने बोट उचलले होते, हाच असणार. कुलदीपच्या ओठावर घामाचे थेंब दिसू लागले.

"मी देवळात गेलोच नाही," तो शेवटी म्हणाला. "फाटकाबाहेर वडाखाली होतो. फोनवर. दुसऱ्या कंपनीशी बोलणं चालू होतं. इथे झालं नाही तर तिकडे, इथे झालं तर तिकडे पगार वाढवून मागायचा. आता हे तुम्हाला सांगू कसं बॉस? फोन बघा पाहिजे तर."

फौजदारांनी फोन पाहिला. काशीताईंनीही दुजोरा दिला. "व्हय, हा बाबा वडाखाली येरझारा घालत व्हता. मी केळीची पानं आणायला गेले तवाही, आले तवाही." मग डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "माझ्या दारात असलं कधी झालं न्हाय हो. एवढी चांगली माणसं! गणराजदादा तर सगळ्यांच्या आधी परत आले. अंगणात चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, दादा बसा, खुर्च्या आमची कामवाली मैना मांडंल. ऐकतायत कुठं! कालसारखं स्वतःच मांडल्या."

गणराज समोर येऊन बसला. गुडघ्यांवर हात, पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले. त्याने सारे व्यवस्थित सांगितले: काळभैरव, हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव, मग परत. खाली खडकांकडे तो गेला नव्हता.

"उलटं सांगा, गणराज."

"म्हणजे... आधी मी काळभैरवाला गेलो, मग—"

"शेवटाकडून."

"हो, हो. तर पहिल्यांदा काळभैरव..."

त्याने तीनदा प्रयत्न केला, आणि तिन्ही वेळा तो आरंभापासूनच निघाला. एक पायरी चुकली की सारी पाठांतराची कविता कोसळेल अशा काळजीने. संघर्षला त्याची कीव आली. मुलाखतीत आपलेही असेच होते, असे त्याला वाटले. हा साधा माणूस घाबरला आहे, एवढेच.

लांबून जीपचा आवाज ऐकू आला. फौजदार उठले. "मॅडम, झालं तुमचं? मला काही वेगळं दिसत नाही. चल रे."

त्यांचा हात संघर्षच्या दंडावर पडला.

५

"एक शेवटचं," सुचिता मॅडम म्हणाल्या. "मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. कमलेश उमेदवार नव्हता."

फौजदारांचा हात संघर्षच्या दंडावरच थांबला.

"तो माझा सहकारी. प्रत्येक निवडीत तो उमेदवार होऊन तुमच्यात बसतो. चांगलं बोलून दाखवतो, म्हणजे हरताना तुम्ही कसे वागता ते दिसतं. प्रत्येकाला जिथे दुखतं तिथे एकदा बोट लावतो, म्हणजे चिडल्यावर कसे वागता ते कळतं. परीक्षक समोर असताना सगळेच शहाणे असतात."

प्रांजली उभी राहिली होती. "काल मी त्याला सांगितलं की मुलाखतीआधी मला उलटी होते. ते तुमच्याकडे आलं?"

"आलं."

"छान," ती म्हणाली आणि खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

संघर्षला वाटले, पायाखालची जमीन कुणी हळूच काढून घेतली आहे. ते नारळाचे बोलणे, ते हसणे, सारे ठरवून केलेले होते. त्याच्या जखमेची कुणी चाचणी घेतली होती. गणराजच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. एखाद्याने हसायला सुरुवात करावी आणि मध्येच विसरावे, तसा.

"तेव्हा," मॅडम पुढे म्हणाल्या, "ज्याने त्याला ढकललं त्याने परीक्षकाला ढकललं नाही. आपल्या वाटेतल्या सर्वांत हुशार स्पर्धकाला ढकललं. ते कारण तुमच्या चौघांकडेही होतं. पण मग त्याने त्याला पाण्यातून ओढून वर ठेवलं. संघर्षने ते केलं असतं तर त्याची पँट कमरेपर्यंत भिजली असती. साहेब, तुम्ही त्याचा शर्ट घेतलात, पँट पाहिलीत?"

फौजदारांनी खाली पाहिले. संघर्षच्या पँटवर रक्ताचे डाग होते. ती कोरडी होती, कडेला कडक इस्त्रीची घडी अजून उभी होती.

"वाळली असेल," ते पुटपुटले. पण दंडावरची पकड सैल झाली.

"खारं पाणी वाळलं की पांढरा माग राहतो. असो. आता या खुर्च्या पाहा." त्यांनी हात केला. "आम्ही पाच उमेदवार म्हणत होतो. काल इथे पाच खुर्च्या होत्या. आज किती?"

सगळ्यांनी पाहिले. संघर्षने पाहिले. लाल रंगाच्या चार. एकीवर तो स्वतः कोसळला होता. कमलेशसाठी खुर्ची नव्हती. आणि त्या गोष्टीकडे त्याच्यासकट कुणाचेही लक्ष गेले नव्हते, कारण तोवर कमलेशची वाट पाहायचे कारणच उरले नव्हते.

"मांडल्या तेव्हा अंगणात चिटपाखरू नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "कोण येणार, कोण उशीर करणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. गणराज, तुम्ही चारच का मांडल्यात?"

"मी... मी स्वतःला मोजायला विसरलो असेन. होतं असं."

"होतं. पण मग तुम्ही बसताना एक कमी पडतेय हे कळलं असतं. संघर्ष आला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, तुझी खुर्ची ठेवलीय. तो येणार हे तुम्हाला ठाऊक होतं. कमलेश येणार नाही, हेही ठाऊक होतं."

फणसाचे एक पान गिरक्या घेत गणराजच्या पायांशी पडले.

"काल तुम्ही दिवसभर अनवाणी होतात," त्या आणखीच हळू आवाजात म्हणाल्या. "आज सारवलेल्या अंगणात मोजे का?"

गणराजने पाय अजून आत ओढले. मग, जणू कुणीतरी दुसराच माणूस त्याच्या हातांना हुकूम देत असावा, तसा तो खाली वाकला आणि त्याने एकेक मोजा उतरवला. तळव्यांवर, बोटांच्या बेचक्यांत बारीक बारीक चिरा होत्या, ताज्या, ओल्या. देवळाशी वहाणा काढून ठेवलेला माणूस भरतीच्या कडेच्या खडकांवर उतरला की तिथल्या कालवांच्या कडा तळव्यांवर जे लिहितात, ते त्यांवर लिहिलेले होते.

६

"मला फक्त त्याला गप्प करायचं होतं," गणराज म्हणाला. तो कुणाकडेच पाहात नव्हता. "पायऱ्या उतरताना तो मागून आला. म्हणाला, दादा, तुमची ही शेवटचीच खेप ना? यानंतर वय बसायचं नाही कुठे. मी म्हटलं, गप बस बाबा. तर हसून म्हणाला, मला मिळाली तर तुम्हाला हाताखाली घेईन, काळजी नको. मी खांद्यावर हात मारला. नुसता मारला. तिथे पायरीला शेवाळ होतं."

"मग?"

"खाली पाण्यात पडला. लाट नेत होती. मी उतरलो, ओढून वर घेतलं. डोळे उघडीना. वाटलं, गेला." त्याने संघर्षकडे पाहिले. त्या नजरेत अजूनही मघाचीच माया होती आणि तीच सर्वांत भयंकर होती. "तेवढ्यात लांबून तू येताना दिसलास. एकटाच. म्हटलं, आता हा आहे. हा बघेल त्याला. मी वर पळालो, वहाणा घालून मागच्या वाटेने इथे आलो, विहिरीवर पाय धुतले, पँट बदलली. खुर्च्या मांडत बसलो. हातांना काहीतरी काम हवं होतं रे."

"आणि मला नेत होते तेव्हा?" संघर्षने विचारले. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

गणराज वाकला आणि उतरवलेले मोजे गोळा करू लागला.

जीप फाटकाशी उभी होती. चालकाने सांगितले, इस्पितळातला पेशंट शुद्धीवर येतोय; वाचेल म्हणतात. ज्या जीपमध्ये संघर्ष बसायचा होता तिच्यात गणराज चढला. चढताना त्याने काशीताईंकडे वळून म्हटले, "वहाणा तेवढ्या राहिल्या माझ्या," आणि त्या मुकाट्याने आणून दिल्या.

सुचिता मॅडम संघर्षजवळ येऊन उभ्या राहिल्या. दोघे जीपमागे उठलेल्या धुळीकडे पाहात होते.

"काल संध्याकाळी मी कमलेशला त्याचं मत विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तो म्हणाला, मॅडम, वय जाऊ द्या. गर्दी बिथरली की लोक ज्याच्या तोंडाकडे बघतील असा एकच माणूस आहे इथे. गणराज."

संघर्ष त्यांच्याकडे वळला. "म्हणजे त्याला मिळणारच होती?"

"आज सकाळच्या फेरीनंतर मी जाहीर करणार होते."

"मग शेवटचं बोट कशाला लावलं त्याला?"

या प्रश्नावर त्यांच्याजवळ उत्तर असावे. तेवीस वर्षे त्या ते देत आल्या असाव्यात. पण त्यांनी ते दिले नाही. "निवड रद्द होईल," त्या म्हणाल्या. "जागा पुन्हा भरतील, नव्याने. तुमच्यावर कुठलाही ठपका राहणार नाही, हे मी लेखी कळवीन सगळीकडे."

"माझ्याबद्दल काय म्हणाला होता तो?"

"म्हणाला, चिडतो. पण खोटं बोलत नाही."

पावसाळा सरून हवेत कोरडेपणा आला, तेव्हा उरणजवळच्या एका गोदामाच्या कंपनीतून त्याला बोलावणे आले. बाहेरच्या खोलीत पंखा गरगरत होता. काचेपलीकडून अवजड ट्रेलर जात होते. खोलीत दुसरा एकच उमेदवार होता, त्याच्याच वयाचा. गळ्याशी टाय घट्ट ओढलेला, चेहरा कागदासारखा पांढरा.

"तुम्हाला भीती वाटतेय का हो?" त्या मुलाने विचारले. "मला तर घशाला कोरड पडलीय."

संघर्षने त्याच्याकडे पाहिले. घाम खरा होता. खरा दिसत होता. आपण काही उत्तर दिले तर हा मुलगा आत जाऊन काय सांगेल, आणि काहीच उत्तर दिले नाही तर काय सांगेल, असे दोन्ही बाजूंनी विचार करताना त्याला स्वतःचाच कंटाळा आला. समोर बसलेला कदाचित नुसता एक घाबरलेला मुलगा होता. त्याचीही आई त्याच्या शर्टाला इस्त्री करत असेल.

त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवून सैल केले आणि पुढे केली. मुलाने ती दोन्ही हातांनी धरली. आणि बाटली हातातून सुटत असतानाच संघर्षची मान, त्याने थांबवण्याआधीच, आपोआप वर गेली. हे कुणी पाहते आहे का, ते पाहण्यासाठी.